पेव उघडण्याची कृती

बनुबाई दर शुक्रवारी कंदिलाची काच राखेने घासायच्या. घरात वीज होती, इन्व्हर्टर होता, जावयाने आणून दिलेली चार्जिंगची बॅटरी होती, तरीही घासायच्या. मी एकदा विचारलं, "मावशी, हा कंदील लावता तरी कधी?" तर म्हणाल्या, "वरसातनं चार-पाच येळा. पर तवा काच काळी आसली तर कसं चालंल?" मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं वेड. अशी वेडं मी हसून बाजूला सारते आणि पुढे जाते. हा माझा स्वभाव आहे, आणि पुढे जे झालं त्यात त्याचाच वाटा मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते.

मी मूळची कोरेगावची, लग्न होऊन सांगलीला आले. शहरापासून सात-आठ किलोमीटरवरच्या या नदीकाठच्या गावात राहते, इथल्याच शाळेत मराठी शिकवते, त्याला बावीस वर्षं झाली. नाव संयोगिता, पण गावात ते कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. मी नुसती 'बाई'. कविता, व्याकरण सगळेच शिकवतात. माझा हातखंडा एकाच गोष्टीत, काम कसं करायचं ते पायरीपायरीने लिहिण्यात. मुलांना वाटतं, यात काय लिहायचं? म्हणून मी वर्गात स्टोव्ह, पातेलं, साखर, चहापूड घेऊन जायचे. 'चहा कसा करावा' हे मुलांनी लिहायचं आणि त्यांनी लिहिलेलं मी अक्षरशः करून दाखवायचं. एकाने लिहिलं, 'चहापूड टाका.' मी जमिनीवर टाकली. एकीने लिहिलं, 'पाणी ठेवा.' मी कळशी टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून उभी राहिले. वर्ग हसून लोळायचा. मग मी फळ्यावर माझे नियम लिहायचे. वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं समजा. एका वाक्यात एकच काम सांगा. आधीचं आधी, नंतरचं नंतर. आणि फापटपसारा खोडा. आठवणी, देवधर्म, 'आमच्या आजीची पद्धत', सगळं बाहेर काढा.

या शेवटच्या नियमाचा मला फार अभिमान होता.

या वर्गात मला एकच विद्यार्थी पुरून उरला, रंगुबाईंचा अमृत. नववीत होता. मी फळ्यावर नमुना म्हणून 'पत्र कसे पाठवावे' लिहिलं आणि ऐटीत वळले, तर हा मागच्या बाकावरून उठला. "बाई, तुमची एक पायरी सुटली. तिकीट लावायचं ऱ्हायलं." आधी मी त्याला खाली बसवलं, मग फळ्याकडे पाहिलं, मग माझं शाईचं पेन काढून त्याला देऊन टाकलं. तेव्हापासून वर्षभर मी काही लिहिलं की आधी अमृतकडे बघायचे. तो मान हलवायचा, तेव्हा पुढे जायचे. बारावीनंतर तो शिकला नाही. हळदीच्या गोदामात कामाला लागला, उत्कर्षाशी लग्न केलं, मुलगी झाली. रस्त्यात दिसला की अजून विचारायचा, "बाई, काय सुटलं का नवीन?"

आता पेवांचं सांगायला हवं. आमच्याकडे नदीकाठची माती अशी आहे की तिच्यात पाणी शिरत नाही. त्या मातीत पंचवीस फूट खोल खड्डा खणतात, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद. आतून कडब्याचं अस्तर लावतात, त्यात हळद ओततात आणि तोंडावर दगडी फरशी ठेवून वर माती लोटतात. हेच पेव. हळद त्यात वर्षानुवर्षं राहते, तिला कीड लागत नाही. पुढे कोल्ड स्टोरेज आलं, मोठ्या पुरात कितीतरी पेवं खचली आणि आमच्या गावात वापरातली पाच उरली. पाचही अण्णाप्पा शेटजींची. ते वारल्यावर त्यांचा मुलगा आर्जव कारभार बघू लागला.

ही पेवं उघडायचं काम चाळीस वर्षं सयाजीमामांचं. सयाजीमामा म्हणजे बनुबाईंचे नवरे, एकेकाळचे लाल मातीतले पैलवान. मी एकदा जाऊन पाहिलं होतं. मामा माती ओढायचे, पहारीने फरशी सरकवायचे आणि बाजूला बसून पान लावायचे. मग बनुबाई यायच्या. अंगावर नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात तो कंदील. पेवाच्या तोंडाशी हळदकुंकू वाहायच्या, देवीचं नाव घ्यायच्या आणि पेटता कंदील दोरीने आत सोडायच्या. मग दोरी धरून खुशाल बसून राहायच्या. कधी तास, कधी दोन तास. मधूनच तो वर काढायच्या, पुन्हा सोडायच्या. पुरुषमाणसं गप्पा मारत थांबलेली. शेवटी बनुबाई हात वर करायच्या आणि मामा कमरेला दोर बांधून उतरायचे. मला तो सगळा थाट वाटला. लक्ष्मी आत आहे म्हणून तिची पूजा, असं मी समजले आणि दोन फोटो काढून परत आले.

गेल्या वर्षी मामांचे डोळे आणि गुडघे एकदमच गेले. आर्जव शाळेत आला. पुण्याला शिकलेला, नम्र मुलगा. म्हणाला, "मॅडम, मामांच्या डोक्यात आहे ते कागदावर येऊ द्या. उद्या ते नसले तर आम्हाला ठाऊकच नाही काही. आपण बोर्ड करून पेवांपाशी लावू." मला आनंद झाला. बावीस वर्षं चहा करणं आणि पंक्चर काढणं लिहून घेतलं, आता खरं काम आलं.

रविवारी सकाळी वही घेऊन मी मामांच्या ओट्यावर बसले. मी विचारायचे, ते सांगायचे. माती कुठून ओढायची, फरशी कोणत्या बाजूने सरकवायची, दोराच्या गाठी किती अंतरावर, कमरेची गाठ कशी. मी त्यांना सोडत नव्हते. "मामा, मला काहीच माहीत नाही असं समजा." ते वैतागायचे, पण सांगायचे. बनुबाई आत भाकऱ्या थापत होत्या. दोर बांधण्यापर्यंत आलो तेव्हा आतूनच त्यांनी विचारलं, "आवं, कंदिलाचं सांगितलं का त्यास्नी? कंदील इझला तर उतरायचं न्हाई म्हणावं."

"गप ग," मामा म्हणाले. "ती काय लिवायची गोष्ट हाय व्हय? ते तू करतीसच की."

बनुबाई पिठाच्या हातांनी उंबऱ्याशी आल्या. "तरीबी लिवा बाई तुमी. मी काय जलमभर पुरणार हाय?"

"लिहिते हो मावशी," मी म्हणाले, आणि त्यांच्या समोरच लिहिलं. 'कंदील आत सोडावा. विझल्यास उतरू नये.' त्यांना वाचता येत नाही. पण माझं पेन चाललेलं त्यांनी पाहिलं आणि समाधानाने आत गेल्या.

घरी येऊन मी तो मजकूर पक्का करायला बसले. अकरा पायऱ्या झाल्या होत्या. दोन एकात बसल्या, दहा झाल्या. मग माझी नजर कंदिलावर आली. दिवा विझला की अपशकुन, शुभकार्य थांबवा, हे तर घरोघरी ऐकलेलं. मी स्वतःशी हसले. उद्या शाळेची मुलं तो बोर्ड वाचणार, त्यांना काय अंधश्रद्धा शिकवायची? लाल पेन घेतलं, ती ओळ आडवी खोडली आणि समासात लिहिलं, 'पूजाविधी. अनावश्यक.' उरल्या नऊ पायऱ्या. तिसरीत फरशी सरकवायची, चौथीत कमरेला दोर बांधायचा, पाचवीत उतरायचं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नेटकं लिखाण होतं ते. आर्जवने त्याचा भला मोठा फ्लेक्स करून लावला, खाली माझं नाव. मी त्याच्याशेजारी उभी राहून फोटोही काढला.

मार्गशीर्षात मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन साताऱ्याला ठरलं. त्यांची मुलगी कोरेगावात दिलेली, म्हणून दोघं तिच्याकडे महिनाभर राहायला गेली. जाताना बनुबाई माझ्याकडे डोकावल्या. "तुमच्या माहेराला चाललो बगा," म्हणाल्या. कंदील कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता.

त्याच महिन्यात आर्जवला हळदीची मागणी आली. दिवाळीआधी अर्धं रिकामं करून पुन्हा बुजवलेलं पेव उघडायचं ठरलं. आर्जवबरोबर अमृत आणि नानासो नावाचा एक जुना हमाल, असे दोघं गेले. पुढचं मला नानासोने नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "बनूकाकी न्हाई. पूजा कोण करणार?" आर्जव म्हणाला, "आल्यावर करतील, देवी काय पळून जात नाही." नानासोला मनातून बरं वाटत नव्हतं. तेव्हा अमृत बोर्डासमोर उभा राहिला आणि त्याने नऊच्या नऊ पायऱ्या मोठ्याने वाचल्या. मग नानासोकडे वळून म्हणाला, "काय भ्यायचं कारण न्हाई गड्या. आमच्या बाईंनी लिवलंय. बाईंची पायरी सुटत न्हाई."

त्याने माती ओढली, फरशी सरकवली, कमरेला दोर बांधला आणि उतरला. तिसरी, चौथी, पाचवी. आत जाऊन त्याने हाक दिली नाही. दोर एकदम ताणला आणि मग जड झाला. नानासो आणि आर्जवने ओरडून माणसं बोलावली आणि त्याला वर खेचलं. तोंड निळं पडलं होतं. दोर नसता तर तो तिथेच राहिला असता. आत साठलेल्या हळदीने हवेतला जीवच ओढून घेतलेला असतो, हे मला दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं. "अशा जागेत उतरण्याआधी हवा खेळू द्यायची असते, दिवा सोडून बघायचा असतो. तुमच्या गावातल्या जुन्या लोकांना हे माहीत असणार," ते म्हणाले. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. उठून घरी कशी आले ते मला आठवत नाही.

अमृत एकोणीस दिवस दवाखान्यात होता. वाचला. पण डॉक्टर म्हणाले होते, मेंदूला तेवढा वेळ हवा मिळाली नाही, आता काय परत येईल आणि काय नाही ते बघत राहायचं.

आणि गावाने दोष कुणाला दिला? मला नाही. आर्जवलाही फारसा नाही. बोर्डावरच्या नावाकडे कुणी बोट दाखवलं नाही, कारण छापलेलं चुकत नाही अशी आमच्या लोकांची समजूत. दोष गेला बनुबाईंना. चाळीस वर्षं पेवाची पूजा करणारी बाई ऐन वेळी लेकीकडे जाऊन बसली, म्हणून देवी कोपली. बातमी कळताच बनुबाई मामांना घेऊन कोरेगावहून परतल्या, त्या दिवशी अमृतची आई रंगुबाई त्यांच्या दारात जाऊन रडून ओरडून आली. "माज्या पोराच्या जिवावर लेकीकडं पाहुणचार झोडत हुतीस व्हय गं?" शेजारपाजार ऐकत होता. बनुबाईंनी उलट शब्द काढला नाही. गिरणीत त्या गेल्या की बायका दळण घेऊन सरकून उभ्या राहायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि पीठ घेऊन घरी आले.

पंधरा दिवस मी गप्प होते. माझ्यासारखी फटकळ बाई, जी हेडमास्तरांना तोंडावर सुनावते, ती गप्प. आर्जवला सांगून बोर्ड मात्र उतरवून घेतला. त्यानेही विचारलं नाही, का म्हणून.

शेवटी न राहवून मी बनुबाईंकडे गेले. मामा डोळ्यांना हिरवी पट्टी बांधून खाटेवर पडले होते. माझी चाहूल लागली तशी ते भिंतीकडे वळले. बनुबाई माळ्यावरचा कंदील काढून घासत होत्या. शुक्रवार होता.

"मावशी, कंदील का सोडायचा, ते नीट सांगा मला," मी म्हणाले.

त्यांनी हात थांबवला नाही. "माज्या सासूबाई, अर्जुनाबाई, त्यांनी शिकीवलं. त्यांचा धाकला दीर पेवात ऱ्हायला, वर आलाच न्हाई. तवापासनं त्या आदी कंदील सोडायच्या. आत वारं नसंल तर ज्योत दम धरत न्हाई, इझती. मग वर काढायचा, थांबायचं, परत सोडायचा. तळाला जाऊन ज्योत नीट जळाया लागली की मग गडी उतरायचा. तीन डाव बघितल्याबिगर मी ह्यांस्नी कवाच उतरू दिलं न्हाई."

"मग हळदकुंकू? देवीचं नाव?"

बनुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरीण असून एवढं कळत नाही, असं त्या नजरेत होतं. "बाई, गडीमाणसं नुसती थांबत्यात व्हय? 'बायकू म्हणती म्हणून बसलाय' म्हणून हसत्यात एकमेकांला. देवीचं नाव घेतलं की दोन तास मुकाट बसत्यात. सासूबाईंनीच काढलेली युगत ती."

खाटेवरून मामांचा आवाज आला, भिंतीकडे तोंड करूनच. "मी हात वर झाला की उतरायचो. ती काय बघती ते मी कवा बघितलंच न्हाई."

मग बनुबाईंनी कंदील खाली ठेवला आणि तो प्रश्न विचारला, ज्याला मी पंधरा दिवस भीत होते. "मी तुमास्नी सांगितलं हुतं की. तुमी लिवलंबी माज्यासमोर. मग पोरानं वाचलं कसं न्हाई?"

मी जमिनीकडे बघितलं आणि म्हणाले, "लिहिलं होतं मावशी."

खोटं नव्हतं ते. वहीत लिहिलेलं होतं. असं अर्धं खरं बोलायला फार शिकावं लागतं, आणि मी दोन पदव्या घेतलेल्या आहेत. बनुबाईंनी मान हलवली. "मग माजंच चुकलं. कागदावर इसंबून ऱ्हायले. जाताना पोराला तोंडानं सांगून जायाला पायजे हुतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी तिथून उठून आले. त्या दिवसाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

अमृत घरी आला. हातपाय चालत होते, माणसं ओळखत होता, वाचताही येत होतं. पण कामांचा क्रम त्याच्या डोक्यातून पुसला गेला होता. आधी काय, नंतर काय, ते लागत नव्हतं. दात घासायचा ब्रश हातात घेऊन तासभर उभा राहायचा. चपला घालून अंथरुणात शिरायचा. मुलीला मांडीवर घ्यायचा आणि पुढे काय करायचं ते न कळून तसाच धरून बसायचा. ती रडायला लागली की त्याच्याही डोळ्यांतून पाणी यायचं.

बनुबाई रोज सकाळी त्याच्याकडे जाऊ लागल्या. पहिले चार दिवस रंगुबाईंनी दार लावून घेतलं. बनुबाई बाहेर पायरीवर बसून राहिल्या. बसून वाट बघायची त्यांना सवय होती. पाचव्या दिवशी उत्कर्षाने दार उघडलं, कारण तिच्या एकटीने निभत नव्हतं. मग बनुबाई अमृतशेजारी बसून सांगायच्या, "आता उठ. आता तांब्या घे. आता चूळ भर. भरलीस? आता थुक." एकेक पायरी संपेपर्यंत पुढची सांगायच्या नाहीत. रंगुबाई दुसरीकडे तोंड करून भाजी निवडायच्या, त्यांच्याशी बोलायच्या नाहीत.

एका रविवारी उत्कर्षाने मला बोलावलं. "बाई, डॉक्टर म्हणालेत, रोजची कामं ओळीनं लिहून भिंतीवर लावा. वाचून वाचून सवय होईल. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मी नाही कसं म्हणू? मोठ्या अक्षरात कार्डं लिहून नेली. तोंड धुणं, आंघोळ, चहा. वर्गातल्यासारखीच. एका वाक्यात एकच काम.

आंघोळीची कार्डं न्हाणीच्या दाराशी लावली. अमृत समोर उभा राहिला. शाळेत वाचायचा तसाच मोठ्याने वाचू लागला. 'बादलीत पाणी घ्या.' त्याने घेतलं. 'पाणी फार गरम नाही ना ते बघा.' बोट बुडवून बघितलं. 'तांब्याने अंगावर पाणी घ्या.' त्याने तांब्या भरला आणि शर्ट-पँटसकट डोक्यावर ओतला. मग दुसरा. मग तिसरा. कपडे चिंब, तोंडावरून पाणी गळतंय, आणि तो माझ्याकडे बघतोय, बरोबर केलं ना म्हणून.

वर्गात अशा वेळी सगळी मुलं हसायची. इथे कुणी हसलं नाही. उत्कर्षा तोंडाला पदर लावून आत गेली. न्हाणीपाशी बसलेल्या बनुबाई हळूच म्हणाल्या, "आदी कापडं काडायची ऱ्हायली बाई. एक पायरी सुटली."

मला पुढे काही सोसवलं नाही. चपला न घालताच मी घरी गेले, कपाट उघडलं, ती वही काढली आणि परत आले. अमृतला कोरडे कपडे घालून ओट्यावर बसवलं होतं. रंगुबाई, उत्कर्षा, बनुबाई तिथेच होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "रंगुबाई, बनूमावशींनी मला सांगितलं होतं. दिवा विझला तर उतरू नका, असं लिहा म्हणाल्या होत्या. मी लिहिलं आणि घरी जाऊन खोडलं. मला वाटलं ती पूजा आहे. देवीचा कोप नाही, मावशींची चूक नाही. अमृतला मी आत पाठवलं."

रंगुबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्या माझ्याकडे नाही, बनुबाईंकडे बघत होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि बनुबाईंच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला.

बनुबाई मात्र मला म्हणाल्या, "तुमी मला लिवलं हुतं म्हणाला हुता."

"हो."

"मला वाचता आलं आसतं तर तुमी तसं म्हणाला नसता."

"नाही, मावशी."

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. त्यांनी मला माफ केलं आहे की नाही ते मला आजही ठाऊक नाही, आणि विचारायचा मला हक्क नाही.

वही माझ्या हातातून अमृतने घेतली होती, ते माझ्या लक्षातच आलं नाही. पान त्याच्या समोर होतं. तो बोट ठेवून एकेक ओळ वाचत होता, लाल रेघेखालचीसुद्धा. 'कंदील आत सोडावा. विझल्यास उतरू नये.' पुन्हा वाचली. मग खाली 'दोर बांधावा' वाचलं, त्याखाली 'उतरावे' वाचलं आणि बोट सावकाश पुन्हा वर नेलं. ब्रश आधी की पेस्ट आधी हे ज्याला लागत नव्हतं, तो माझ्याकडे मान वर करून म्हणाला, "बाई, हे खोडायचं न्हाई. हे उतरायच्या आदी पायजे."

"हो रे," मी म्हणाले. "आधीच पाहिजे."

त्याने खिसा चाचपला, पेन शोधत. नववीत मी दिलेलं पेन त्याच्याकडे आता कुठून असणार? मी माझं दिलं. त्याने ते टोपणासकट कागदावर टेकवलं आणि तसाच थांबला, पुढे काय करायचं ते न कळून. तेव्हा बनुबाई त्याच्याजवळ सरकल्या.

"आता टोपण काड," त्या म्हणाल्या.